पोचलास की फोन कर

शेफील्ड शहराच्या उत्तरेला वॅड्सली ब्रिज नावाचं स्टेशन होतं. रोजच्या प्रवाशांसाठी ते १९५९ सालीच बंद झालं. तरीही १९९४ पर्यंत तिथे गाड्या थांबत होत्या, वर्षातल्या मोजक्या दिवशी. जवळच्या हिल्सबरो मैदानावर शेफील्ड वेन्सडे या फुटबॉल संघाचा सामना असला, की परगावच्या प्रेक्षकांना घेऊन खास गाडी त्या ओसाड फलाटाला लागायची. शेकडो माणसं उतरायची, गाणी म्हणत मैदानाकडे जायची आणि सामना संपला की त्याच वाटेने परतायची. गाडी सुटली की पुढच्या सामन्यापर्यंत फलाटावर फक्त गवत.

म्हणजे गावाला ज्या स्टेशनाचा काडीचा उपयोग नव्हता, ते पाहुण्यांसाठी पस्तीस वर्षं राखलं गेलं.

१९९१ ते १९९३ मी शेफील्डला शिकत होतो आणि त्या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर भाड्याने राहत होतो. घरमालक पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वेन्सडेचे जन्माचे पाठीराखे. संघ परगावी खेळायला गेला की हेही त्याच्यामागे जायचे. तिथे याला नुसतं ‘अवे’ म्हणतात. ‘अवे किती केलेत?’ हा प्रश्न तिथला माणूस माणसाची लायकी तपासायला विचारतो. घरच्या मैदानावर कोणीही जातं. पावसात, फेब्रुवारीत, गुणतक्त्यात संघ तळाला असताना, दोनशे मैल लांब गेलास का, ते सांग.

त्या घरात मी जे ऐकलं आणि नंतर जे पाहिलं, त्यातून माझं एक मत पक्कं झालं. खेळ कोणाचा आहे हे ओळखायचं असेल, तर परगावहून आलेल्या प्रेक्षकाला कुठे उतरवतात, कुठे उभं करतात आणि घरी परत कसं धाडतात ते पाहा. गोल कोणी केला ते नंतर.

*

हा प्रेक्षक जन्माला आला तो सुट्टीतून. १८५० साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, की कापड गिरण्यांत बायका आणि कोवळ्या पोरांचं काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबलं पाहिजे. ती थांबली की यंत्रं थांबायची आणि पुरुषही मोकळे व्हायचे. दोनला भोंगा, तीनला सामना. शनिवारी दुपारी ३ ही फुटबॉलची वेळ कोणा साहेबाने ठरवली नाही. ती गिरणीच्या भोंग्याने ठरवली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. रविवारी मैदानावर जाऊन बसणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे नाव लक्षात ठेवायला हवं. खेळ बघायला आधी वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी भांडून मिळवलेला असतो.

सुट्टीला जोड मिळाली रेल्वेची. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १२ संघ होते, सहा लँकाशायरचे आणि सहा मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नाही. ही सगळी गावं रुळांनी एकमेकांना जोडलेली होती. संघाला शनिवारी जाऊन शनिवारीच परतता येत होतं, आणि संघाला येतं म्हणजे प्रेक्षकालाही येतं.

हे पाहुणे साहेबी लंडनला पहिल्यापासून खुपले. १८८४ साली लँकाशायरचे ब्लॅकबर्न रोव्हर्स एफए कपची फायनल खेळायला लंडनला आले. सोबत गिरण्यांतले, खाणींतले पाठीराखे आले. लंडनच्या एका वर्तमानपत्राने त्यांचं वर्णन गबाळ्या कपड्यांची, विचित्र शिव्या हासडणारी उत्तरेकडची टोळी असं केलं. आठवडाभर राबून, पदरचे पैसे मोडून, आपल्या संघासाठी रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना टोळी म्हटलं गेलं. ब्लॅकबर्नने कप जिंकला. टोळीने तो घरी नेला.

*

रेल्वेवाल्यांना मात्र या माणसांची किंमत कळली होती. १९३६-३७ साली लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने नायजेल ग्रेस्ली यांनी आखलेल्या वाफेच्या इंजिनांची एक तुकडी काढली आणि त्या इंजिनांना फुटबॉल संघांची नावं दिली. आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, शेफील्ड युनायटेड, शेफील्ड वेन्सडे. नावाच्या कमानदार पाटीखाली धातूचा अर्धा फुटबॉल आणि दोन्ही बाजूंना संघाचे रंग. याआधी इंजिनांना राजेरजवाड्यांची, सरदारांच्या वाड्यांची अशी नावं मिळायची. गिरणी कामगाराच्या संघाचं नाव इंजिनाच्या छातीवर लागलं, ही साधी गोष्ट नव्हे. ती इंजिनं १९६० पर्यंत सगळी मोडीत निघाली. पाट्या उरल्या.

माझे घरमालक सामन्याच्या खास गाडीतून पहिल्यांदा गेले ते वडिलांबरोबर. रेल्वेच्या कागदोपत्री अशा गाडीला ‘फुटेक्स’ म्हणत. प्रेक्षक नुसतं ‘स्पेशल’ म्हणत. स्पेशलला लावायचे डबे म्हणजे रोजच्या सेवेतून उतरवलेले. सीट फाटलेल्या, हीटर बंद, दिवे अर्धे. वेळापत्रकातल्या गाडीला वाट द्यायची म्हणून स्पेशलला कुठल्याही माळावर तासभर उभं करायचे. डब्यात चहाचे थर्मास, चीज आणि लोणच्याचे सँडविच, गुडघ्यांवर कोट पसरून त्यावर पत्त्यांचा डाव. कारखान्यातली सात-आठ माणसं एकाच डब्यात, दर वेळी त्याच जागांवर. घरमालक सांगायचे, बापाशी मी घरात जेवढं बोललो नसेन तेवढं स्पेशलमध्ये बोललो. घरी आम्ही बाप-लेक होतो, गाडीत दोघंही वेन्सडे होतो.

त्यांची सगळ्यात मोठी अवे म्हणजे १४ मे १९६६. वेम्ब्ली. एफए कपची फायनल, समोर एव्हर्टन. वेन्सडे २-० ने पुढे होती. घड्याळाकडे बघत माणसं रडायला लागली होती, आनंदाने. मग एव्हर्टनने तीन गोल केले. ३-२. त्यानंतर वेन्सडेच्या खेळाडूंनी जे केलं ते हरलेला संघ करत नाही. त्यांनी मैदानाला पूर्ण फेरी मारली, आपल्या माणसांना हात करत. इतक्या लांबून आलात, निदान तोंड दाखवून जातो, एवढाच त्याचा अर्थ. परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. शेफील्डला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. घरमालक चालत घरी आले, आणि आईने दार उघडून एवढंच विचारलं, ‘जेवलास का?’

मी हे ऐकलं तेव्हा मला शेफील्ड परकं वाटेनासं झालं.

*

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हे लेखन खोटं ठरेल.

सत्तरच्या दशकात या गाड्या बदनाम झाल्या, आणि कारण नसताना नव्हे. डबे फोडले गेले. बल्ब काढून खिडकीबाहेर भिरकावले गेले. परक्या गावात दुकानांच्या काचा फुटल्या, माणसं भोसकली गेली. काळ्या खेळाडूंवर केळी फेकली गेली. माझ्या रंगाच्या माणसाने कुठल्या गावी जाऊ नये, याची यादी घरमालकांनी मला पहिल्याच महिन्यात दिली होती. ती यादी त्यांनी शरमेने दिली. मैदानावर वंशद्वेषी घोषणा देणं हा गुन्हा आहे असं सांगणारा कायदा इंग्लंडमध्ये १९९१ साली झाला. तोवर त्या घोषणा ‘वातावरणाचा भाग’ मानल्या जात होत्या.

२९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे युव्हेंतुसच्या पाठीराख्यांवर धावून गेले. चेंगराचेंगरी झाली, भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, त्यांतली बहुतेक इटालियन. तीही आपल्या संघासाठी परदेशी आलेली माणसं होती. पाहुण्यांनी पाहुण्यांना मारलं. याला कुठलीही सबब नाही.

पण काही हजार गुंडांवर इलाज म्हणून काय केलं गेलं, तेही बघा. लाखो साध्या माणसांना गुंडाच्या मापाने मोजलं गेलं. स्टेशनवर उतरलं की दोन्ही बाजूंना पोलिसांचे घोडे, पुढेमागे कुत्री, आणि मधून मेंढरांसारखा कळप हाकत मैदानापर्यंत न्यायचा. कोणी मुतायला बाजूला झाला तरी काठी. मैदानात लोखंडी जाळ्यांच्या आत कोंडायचं. सामना संपल्यावर अर्धा तास तिथेच डांबून ठेवायचं, गाडी चुकली तर चुकली. १९८५ साली सामन्याला जाणाऱ्या खास बसमध्ये आणि खास गाडीत दारूला कायद्याने बंदी आली. पुष्कळ तरुण मग स्पेशल सोडून साध्या गाडीने जायला लागले. त्याआधीही ऐंशीच्या सुमाराला पर्सिल पावडरच्या खोक्यावरच्या कुपनांनी दोन माणसं एका तिकिटात रेल्वेने जात. घरमालकीणबाईंच्या कपाटात तेव्हा दोन वर्षं पुरेल एवढी कपडे धुण्याची पावडर साठली होती. सामन्यांवर उडवलेल्या पैशांतली घराला उपयोगी पडलेली तेवढीच एक गोष्ट, असं त्या म्हणायच्या.

ल्यूटन टाउनने तर मुळावरच घाव घातला. १९८५ च्या मार्चमध्ये तिथे मिलवॉलच्या सामन्यात दंगल झाली. मग १९८६-८७ च्या हंगामापासून क्लबने पाहुण्या प्रेक्षकांना मैदानाचं दारच बंद केलं. चार हंगाम ही बंदी टिकली. त्या पायी क्लबला लीग कपमधून वगळलं गेलं, तरी ती उठली नाही. सरकारला हा नमुना इतका आवडला की सगळ्या प्रेक्षकांना ओळखपत्रं द्यायचा कायदाच १९८९ साली करण्यात आला.

शत्रू नको म्हणून पाहुणाच नको. ज्या मैदानावर समोरच्या संघासाठी ओरडणारा एकही गळा नाही, तिथे चालतो तो सराव.

*

या सगळ्याची किंमत १५ एप्रिल १९८९ रोजी मोजली गेली. माझ्या घरापासून मैलभरावर, मी तिथे जायच्या दोन वर्षं आधी.

हिल्सबरोवर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची कप उपांत्य फेरी होती. मैदान शेफील्डचं, प्रेक्षक दोन्हीकडचे परके. तिकिटांची वाटणी कशी केली? कोण कुठल्या दिशेने शहरात येणार यावरून. दोन गटांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत एवढाच विचार. म्हणून पाठीराखे जास्त असूनही लिव्हरपूलला लहान बाजू मिळाली, लेपिंग्ज लेन. तिथे उभ्याने सामना बघायची १०,१०० तिकिटं होती आणि त्या माणसांना आत घ्यायला फक्त ७ टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारी फिरती दारं. एम ६२ रस्त्यावर कामं चालू होती, त्यामुळे बस आणि मोटारी उशिरा पोचल्या. लिव्हरपूलची खास गाडी वॅड्सली ब्रिजलाच लागली. तीन वाजायच्या आधी बाहेर गर्दी इतकी दाटली की पोलिसांनी बाहेर पडायचं एक मोठं फाटक उघडलं. आधीच भरलेल्या मधल्या पिंजऱ्यांकडे जाणारा बोगदा मात्र कोणी बंद केला नाही. माणसं त्या बोगद्यातून आत गेली. पुढे जाळी होती. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला.

९७ माणसं मेली. त्यांतला सर्वांत लहान १० वर्षांचा होता.

त्यानंतर सांगण्यात आलं की प्रेक्षकांनीच फाटक तोडलं, प्रेक्षक प्यायलेले होते. खोटं. फाटक पोलिसांच्या हुकमाने उघडलं होतं. पण हे खोटं खपलं, कारण शंभर वर्षं या माणसांना टोळी म्हणायची सवय लागली होती. २०१६ साली ज्यूरीने निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही हात नव्हता. सत्तावीस वर्षं. मुलं गमावलेल्या आयांनी सत्तावीस वर्षं हे वाक्य ऐकायला घालवली. काही जणी त्याआधीच गेल्या.

पण त्या दुपारी शेफील्डमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ती मला घरमालकीणबाईंनी सांगितली. घरमालक तो विषय निघाला की उठून परसात जायचे.

मोबाइल नव्हते. मैदानावरची दृश्यं टीव्हीवर थेट दिसायला लागली होती. तिकडे लिव्हरपूलमध्ये घराघरांत बाया टीव्हीसमोर उभ्या राहून जाळीवर चढणारी पोरं बघत होत्या आणि त्यात आपला कोण ते शोधत होत्या. इकडे मैदानाबाहेर हजारो माणसं सुन्न होऊन रस्त्यांवर फिरत होती, आणि सार्वजनिक फोनसमोर रांगा लागल्या होत्या. तेव्हा मैदानाच्या आसपासच्या घरांची दारं उघडली. लोकांनी अनोळखी पोरांना घरात बोलावलं आणि फोन हातात दिला. माझ्या घरमालकांच्या घरात जिन्याच्या पायऱ्यांवर रांग होती. वरच्या पायरीपासून दारापर्यंत. बाई चहा करत होत्या. प्रत्येक पोरगा एकच वाक्य बोलायचा आणि पुढच्याला फोन द्यायचा: मी आहे. मी ठीक आहे. एकाचा फोन कोणी उचलेना. तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. तीन वेळा.

पोलिसांना, क्लबला, सरकारला जे शंभर वर्षांत कळलं नाही ते त्या गल्लीतल्या बायकांना एका मिनिटात कळलं. पोरगा परगावी आलाय. त्याच्या घरी कोणीतरी वाट बघतंय.

आपल्याकडे एसटीत चढणाऱ्या प्रत्येक पोराला आई खिडकीतून जे सांगते तेच हे. पोचलास की फोन कर.

*

हिल्सबरोनंतर जाळ्या निघाल्या, मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या आल्या, ओळखपत्रांची योजना गुंडाळली गेली. १९९३ च्या ३ एप्रिलला मी स्वतः अवे गेलो. कपची उपांत्य फेरी, शेफील्ड वेन्सडे विरुद्ध शेफील्ड युनायटेड. सामना आधी लीड्सला ठरला होता, दोन्हीकडच्या पाठीराख्यांनी एकत्र आवाज उठवला आणि तो वेम्ब्लीला हलला. एकाच शहराचे दोन संघ दीडशे मैलांहून लांब लंडनला खेळायला गेले, आणि अख्खं शहर त्यांच्यामागे.

त्या सकाळी एम १ रस्ता पाहायला हवा होता. एका बसच्या खिडकीतून निळे-पांढरे स्कार्फ फडफडताहेत, शेजारच्या मोटारीतून लाल-पांढरे. आमच्या शेजारचा सुतार युनायटेडचा. तो पुढच्या बसमध्ये, त्याची बायको आमच्या बसमध्ये. वाटेत थांबलो तिथे दोघांनी एकाच डब्यातून सँडविच खाल्ले आणि आपापल्या बसमध्ये जाऊन बसले. बसमध्ये माझ्यासारखा मी एकटाच होतो. पहिला तासभर माना वळत होत्या. मग मागच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, ‘हे तुझं कितवं अवे?’ पहिलं, म्हटलं. त्यांनी आपला स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला. ख्रिस वॉडलने पहिल्या दोन मिनिटांत फ्री किकवर गोल मारला तेव्हा ते आजोबा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. जादा वेळेत आम्ही २-१ ने जिंकलो. ‘आम्ही’ हा शब्द माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

पाहुण्याला सन्मानाने जाऊ-येऊ दिलं तर काय होतं, ते मी त्या दिवशी ७५ हजारांच्या गर्दीत बघितलं.

*

पण त्याच हंगामात प्रीमियर लीग सुरू झाली होती आणि टीव्हीचा पैसा आला होता. घोडे आणि कुत्री मागे पडली, पाहुण्याच्या मानगुटीवर वेळापत्रक बसलं. शनिवारचा सामना सोमवारी रात्री. सामना दहाला संपणार, तोवर उत्तरेकडची शेवटची गाडी निघून गेलेली. न्यूकासलच्या माणसाने लंडनहून मंगळवारी कामावर कसं हजर व्हायचं, हा प्रश्न वेळापत्रक ठरवणाऱ्याला पडत नाही. त्याला दिसतो तो घरी सोफ्यावर बसलेला प्रेक्षक. गिरणीच्या भोंग्याने दिलेली वेळ कॅमेऱ्याने काढून घेतली.

आणि तिकिटं. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाचा दर होता ६२ पौंड. त्यांतली ९१२ तिकिटं न खपता परत गेली. पाठीराख्यांनी मग सगळ्या क्लबांचे झेंडे एकत्र घेऊन मोर्चे काढले. लिव्हरपूलवाला आणि मँचेस्टरवाला खांद्याला खांदा लावून चालला. २०१६-१७ च्या हंगामापासून पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आली. ती कोणी दान दिली नाही. लोखंड्यांच्या रविवारसारखीच ती भांडून मिळाली.

*

आता आपल्याकडे या.

मुंबई सिटी या फुटबॉल संघाचा सामना गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर असतो, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांची, ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ची, पोरं मुंबईहून कोकण रेल्वेने, बसने, मोटरसायकलने मडगावला जातात. निळे झेंडे, ढोल, घसा बसेपर्यंत गाणी. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला आणि मुंबई-मडगाव एका रात्रीवर आलं. लँकाशायरला जे रुळांनी दिलं तेच आपल्यालाही दिलं. पण इंडियन सुपर लीगचे सामने बहुतेक संध्याकाळी साडेसातला सुरू होत आले. ते संपणार साडेनऊला. मडगावहून मुंबईला येणारी कोकणकन्या त्याआधीच, संध्याकाळी, निघून जाते. म्हणजे पोराने रात्र कुठेतरी फलाटावर काढायची, नाहीतर महामार्गावर मोटरसायकल हाणायची.

महामार्गावर काय होतं ते आपण पाहिलं आहे. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला लीगची फायनल होती, केरळ ब्लास्टर्स विरुद्ध हैदराबाद. साथीच्या काळात रिकाम्या मैदानांवर खेळ झालेला, आणि आता कुठे दारं उघडली होती. केरळातून हजारोंनी पोरं आली. रेल्वेने, बसने, मिळेल त्या गाडीने. मैदान पिवळंधमक झालं. सामना १-१ असा सुटला आणि केरळ पेनल्टींवर हरलं. मलप्पुरमचे दोन तरुण मात्र तिथे पोचलेच नाहीत. मोटरसायकलवरून गोव्याला येताना कासरगोड जिल्ह्यात त्यांचा अपघात झाला.

दोन घरांत फोन आला, पण तो दुसऱ्याच कोणाचा.

मी त्या अपघाताचं खापर वेळापत्रकावर फोडत नाही. पण फायनल ठरल्यावर परगावहून हजारो माणसं येणार हे ज्यांना कळतं, त्यांनी त्या माणसांसाठी चार जादा गाड्यांची मागणी तरी केली पाहिजे. आपल्याकडे गणपतीला कोकणात जादा गाड्या सुटतात, आषाढीला पंढरपूरला सुटतात. एका रात्रीत हजारो माणसं सुखरूप नेऊन परत आणायची विद्या आपल्या रेल्वेला आणि एसटीला तोंडपाठ आहे. फुटबॉलवाल्यांनी ती फक्त मागायची आहे.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि त्यांना स्टेडियम बांधण्याएवढा खर्च नाही. सामन्याची वेळ ठरवताना परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ समोर ठेवा. तिकिटं विकल्यावर तारीख हलवू नका, कारण पाहुण्याने रजा आणि आरक्षण दोन्ही आधीच घेतलेलं असतं. आणि पाहुण्यांच्या कोपऱ्यात पाणी, संडास आणि बाहेर पडायला पुरेशी मोठी दारं ठेवा. दारं मोजा. सात दारांत दहा हजार माणसं घालून एकदा बघितलेलं आहे.

वॅड्सली ब्रिजचा फलाट आता मोडकळीला आला आहे. स्टेशन बंद झाल्यावर त्या रुळांवरून पोलादाच्या मालगाड्या तेवढ्या जात राहिल्या. घरमालक गेले, बाईही गेल्या. शेफील्ड सोडताना बाई दारापर्यंत आल्या होत्या. मी मुंबईला पोचेपर्यंत दोन दिवस लागणार होते, आणि परदेशी फोन म्हणजे तेव्हा चैन होती. तरी त्या म्हणाल्या, ‘पोचलास की फोन कर.’ मी केला. पलीकडे त्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला, एवढंच म्हणाल्या, ‘बरं झालं,’ आणि ठेवून दिला.

जिन्यावरच्या रांगेतल्या त्या पोराचा फोन शेवटी लागला का, हे विचारायचं तेव्हाही माझ्याच्याने झालं नाही.